नऊ लाख ठोके

“मग आता यात कमी काय आहे, ते तरी सांगा वस्ताद.”

हे विचारताना प्रणोती मगदूमच्या आवाजात तक्रार थोडी आणि तोरा जास्त होता. तो लपवावा असं तिला वाटत होतं. पण चौथ्या खेपेला काम फत्ते झालं की तोरा काही केल्या झाकला जात नाही.

मौला वस्ताद पेडल तळहातावर घेऊन त्याचं वजन अजमावत बसले होते.

मुठीत मावेल एवढी ॲल्युमिनियमची पेटी ती. एका बाजूनं गिटारची वायर आत जाते, दुसऱ्या बाजूनं ॲम्प्लिफायरकडं निघते, आणि मधलं बटण पायानं दाबलं की गिटारचा सरळसाधा आवाज फाटून जाडजूड होतो. जत्रेतल्या ऑर्केस्ट्राचं त्याशिवाय पान हलत नाही. ही पेटी प्रणोतीनं घरी बसून, स्वतःच्या हातानं केली होती.

“आठ दिवस,” ती म्हणाली. “दोन्ही पाळ्या. मिनिटाला सव्वाशे ठोके धरले तरी नऊ लाखांच्या वर जातात. मी आकडेमोड केलीय.”

“केली असशील.”

“आणि आवाज जसाच्या तसा आहे.”

“आहे.”

“मग?”

…

भिंतीपलीकडं माग खडखडत होते.

इचलकरंजीत वस्तादांचं दुकान एका यंत्रमागाच्या कारखान्याला पाठ लावून उभं आहे. सकाळी माग सुरू झाले की दुकानातल्या फळ्या थरथरायला लागतात, कपातल्या चहावर वळ्या उठतात, आणि गिऱ्हाइकाला आपलं म्हणणं दोनदा सांगावं लागतं. चाळीस वर्षं वस्ताद तिथं बसून ऑर्केस्ट्रावाल्यांचे, बेंजो पार्ट्यांचे, भजनी मंडळांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करत आले. कुणी नवी वस्तू करून दाखवायला आणली तर ते ती वाजवून बघत नसत, उघडूनही बघत नसत. म्हणत, “मागावर बांध.”

म्हणजे खरोखरच बांधायची. पलीकडं जाऊन, कापडी पट्टीनं, मागाच्या सांगाड्याला. वीज जोडून, दिवा पेटता ठेवून. आठ दिवस धोटा या टोकापासून त्या टोकाला धडकत राहणार आणि वस्तू ते ठोके खात राहणार.

त्यातून ती वाचली तर वस्ताद “चालेल” म्हणत. तीन तालुक्यांतले वाजवणारे त्या एका शब्दावर डोळे मिटून वस्तू घेत.

प्रणोतीला तो शब्द हवा होता.

कंपनीतली नोकरी तिनं चिमीच्या वेळी सोडली. चिमी आता चौदा महिन्यांची. सोल्डरचा धूर लेकरापर्यंत जाऊ नये म्हणून टेबल मांडलं होतं गच्चीवरच्या खोलीत. चिमी झोपली की चाळीस मिनिटं मिळत. त्यातली दहा, ती श्वास घेतेय ना हे खाली येऊन बघण्यात जात. पाच, हात साबणानं तीन-तीनदा धुण्यात. उरलेल्या पंचवीस मिनिटांत जगातलं सगळ्यात भरवशाचं पेडल बनवायचं असा तिचा बेत होता. तो सासूबाईंना सांगताना तिचं तिलाच हसू आलं होतं. सासूबाईंना आलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, “मग कुकर मी लावू का?”

पहिलं पेडल मागावर दोन दिवसांत मेलं. नट सुटून खाली कापसाच्या पुंजक्यात सापडला. मग तिनं नट आणि स्क्रू सुटू नयेत म्हणून आट्यांत डिंक भरला. दुसरं पाच दिवस टिकलं, आतला एक जोड तडकला. तिनं वायरी अगदी मापात कापल्या, ताणून चिकटवल्या. तिसऱ्याच्या वेळी सर्किटचा बोर्डच हलला.

चौथ्याच्या वेळी तिनं शेवटचा उपाय केला. बोर्डावर काळं एपॉक्सी ओतलं. वाळलं की दगड.

कशाला म्हणून हलायला जागाच ठेवली नाही.

आणि ते नऊ लाख ठोके खाऊन ठणठणीत परत आलं होतं.

“विल्सनचा फोन आला होता,” ती म्हणाली. विल्सन आवळे ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. गेल्या साली त्याचं पेडल ऐन गाण्यात बंद पडलं होतं आणि लोकांनी पुढचं अर्धं गाणं त्याच्याऐवजी शिट्ट्यांनी पूर्ण केलं होतं. “पुढच्या महिन्यात त्यांच्या जत्रा सुरू होतात. तुम्ही हो म्हणालात तर तो घेणार. त्याच्या ओळखीतले आणखी पाच जण थांबलेत.”

वस्तादांनी पेडल तिच्या पुढ्यात ठेवलं.

“उघड.”

“का?”

“बघू की आत काय आहे.”

उघडायला वेळ लागला. चारी स्क्रूंना डिंक तिनंच लावला होता, तो सोल्डरिंग आयर्ननं तापवून सैल करावा लागला. तिसरा स्क्रू काही ऐकेना. तेवढ्या वेळात वस्तादांनी चहा सांगितला, आला, प्यायले, कप विसळून ठेवला.

झाकण निघालं.

आत बघून प्रणोतीला स्वतःचंच बरं वाटलं. काळा तुळतुळीत थर, त्यातून निघालेल्या वायरी ताठ, काटकोनात वळलेल्या. आणि एका चिपचं तेवढं डोकं थराच्या वर आलेलं.

वस्तादांनी चष्मा चढवला.

“हिचं नाव कुठाय?”

चिपवर नंबर छापलेला असतो. प्रणोतीनं तो पॉलिश पेपरनं घासून काढला होता.

“खरवडलं. कुणी नक्कल करू नये म्हणून. बाहेरचे मोठमोठे पेडलवालेसुद्धा तसंच करतात.”

“मोठमोठे,” वस्ताद म्हणाले.

…

“सुबक केलंयस.”

तिची मान सूतभर वर गेली.

वस्तादांनी टेबलावरचं कटर उचललं आणि लाल वायर, काळ्या थराच्या अगदी काठाशी, कट्‌कन कापून टाकली.

प्रणोतीच्या तोंडून शब्द फुटला नाही. चिमी पलंगावरून पडली होती तेव्हाही असंच झालं होतं. आधी आवाज जातो, बाकीचं सगळं मागून येतं.

“आता दुरुस्त कर,” वस्ताद म्हणाले. “जत्रा आहे. मध्यंतर झालंय. दहा मिनिटं.”

ती लागली. वायर इतकी मापाची होती की तुटलेलं टोक परत थरापर्यंत पोचेना. थरात गाडलेलं टोक हाती लागेना. खरवडायला गेली तर पात्याचं अणकुचीदार टोकच मोडलं. नवी वायर लावायची तर लावायची कुठं…

दहा मिनिटं झाली. वीस झाली. वस्ताद घड्याळाकडं बघत नव्हते, पण तेही तिला सहन होईना.

“तुम्ही कापलंत म्हणून,” ती शेवटी म्हणाली. “एरवी हे खराब होणारच नाही.”

“होणारच नाही?”

“नऊ लाख ठोके, वस्ताद.”

“खरं आहे. त्याच्या पुढच्या ठोक्याला तिथं कोण असेल?”

“मी जाईन की. मला फोन करतील. सगळ्यांना नंबर देणार आहे मी.”

“जतला जत्रा असली तर?”

“जाईन.”

“लेकरू?”

“…सासूबाई आहेत.”

“विजापूरला असली तर?”

तिनं मोडलेलं पातं टेबलावर ठेवलं.

“एकदाही मोडू नये असं केलंयस,” वस्ताद म्हणाले. “म्हणजे हे एकदाच मोडेल.”

प्रणोतीला राग आला. राग आला की ती शहाण्यासारखं बोलायची, आणि नंतर रिक्षात बसल्यावर पस्तावायची.

“मग तुमचं दाखवा.”

वस्ताद उठले. दुरुस्तीला आलेल्यांतला एक जुना ॲम्प्लिफायर त्यांनी फळीवरून उतरवला. दोन स्क्रू होते, ते खिशातल्या नाण्यानं फिरवले. झाकण बाजूला झालं.

आत जत्राच होती. वायरी पाच रंगांच्या. एका जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा, एका जागी बॉलपेनची स्प्रिंग. जोड काही बारीक, काही बोराएवढे. झाकणाला आतून सर्किटचा एक पिवळा पडलेला नकाशा चिकटवलेला, आणि त्यावर तीन-चार शायांत, एका ठिकाणी कानडीत, कुणी कुणी काय काय लिहून ठेवलेलं.

“हा तुम्ही केलाय?”

“बत्तीस वर्षं झाली. बेळगावच्या पार्टीकडं असतो.”

“आणि यात तुमचं काय राहिलंय?” तिनं जरा खवचटपणेच विचारलं.

वस्ताद बोटानं शोधत राहिले.

“पेटी,” म्हणाले. “…ट्रान्सफॉर्मर. आणि हा, हा एक जोड.”

सांगताना म्हातारा असा खुलला होता, जणू नातवाचा पहिला नंबर आलाय.

घरी सासूबाईंनी दार उघडलं. चिमी त्यांच्या कडेवर होती.

“झालं का पास?”

“नाही.”

“मोडलं?”

“मोडलं नाही म्हणून नापास.”

सासूबाईंनी तिच्याकडं क्षणभर बघितलं आणि पाणी आणून दिलं.

पाचवं पेडल करायला नऊ दिवस लागले.

एपॉक्सी नाही म्हटल्यावर तिला तो बोर्ड उघडावाघडा वाटायला लागला. डिंकही नाही. स्क्रूखाली दातेरी वायसर घातले आणि स्क्रू चाराचे दोन केले. प्रत्येक वायर दोन बोटं जास्त ठेवली, तिला एक सैल वळसा दिला. दिसायला ते अगदी वेणी न घालता शाळेत धाडलेल्या पोरीसारखं दिसत होतं. दोनदा तिनं वायरी कापून नीट करायला घेतल्या, दोनदा कटर खाली ठेवलं.

चिपचा नंबर राहू दिला. त्याला सगळ्यात जास्त धीर लागला.

मग झाकणाच्या आत कागद चिकटवला. नकाशा काढला आणि खाली मराठीत लिहिलं: लाल, वीज आत येते. हिरवी, गिटारकडून. पांढरी, बाहेर जाते. शेजारी थोडी जास्तीची वायर गुंडाळून पट्टीनं लावली. सगळ्यात खाली तिनं ‘मला विचारल्याशिवाय उघडू नये’ असं लिहायला घेतलं होतं. ‘मला विचारल्या’ एवढं झाल्यावर खोडलं.

पेडल मागावर बांधायला ती परस्परच कारखान्यात गेली. वस्तादांना तोंड दाखवायची इच्छा नव्हती. मागांची देखभाल ईराप्पा जॉबरकडं होती. याआधी चारही वेळा पट्टी त्यानंच आवळून दिली होती, आणि प्रत्येक वेळी एकेक टोमणा फुकट दिला होता.

“हे पाचवं व्हय, ताई?” ईराप्पा म्हणाला. “आमच्या आईला बी पाचच हुती.”

“मग कितवे तुम्ही?”

“पाचवा. माझ्यावर थांबली.”

पट्टी आवळली. पेडलचा लाल दिवा लागला. माग सुरू झाला.

आठव्या दिवशी प्रणोती आली तेव्हा वस्तादांनी पेडल आधीच सोडवून आणलं होतं. टेबलावर होतं. दिवा पेटलेला होता.

तिला वाटलं आता आपण उड्या मारू. त्याऐवजी तिनं खुर्ची ओढली आणि शांतपणे, फार शांतपणे, म्हणाली, “चालू आहे.”

“आहे.”

“आठ दिवस. एपॉक्सी नाही, काही नाही.”

“सहा,” वस्ताद म्हणाले. “सहाव्या दिवशी बंद पडलं होतं.”

…

प्रणोतीला एकदम सगळं आठवलं. कंपनीतली खुर्ची. विल्सन. ते पाच जण. गच्चीवरच्या खोलीत वाळत घातलेले चिमीचे कपडे आणि त्यांच्या खाली, आपल्याला काहीतरी येतं असं समजून बसलेली एक बाई.

“मग आता चालू कसं आहे?” तिनं विचारलं.

वस्तादांनी भिंतीवर तीनदा मूठ आपटली. थोड्या वेळानं ईराप्पा आला. केसांत, भुवयांवर कापूस.

“सांग हिला,” वस्ताद म्हणाले.

“काय सांगायचं त्यात?” ईराप्पा म्हणाला, पण बाकावर ऐसपैस बसला. “चहाच्या सुट्टीत बघतोय तर दिवा गेल्ता. वस्ताद नमाजला गेल्ते. म्हणलं ताईचा बी आता चेहरा बघवत न्हाई. उघडलं. आत तुम्ही ल्हिवलंयच की, लाल म्हंजे वीज. लालच तुटलीती, बुडात. वायर ढिली हुती, खाली वढली, पुरली. इथनं आयर्न न्हेलं, चिकटवलं. दिवा लागला. चहा बी गार झाला न्हवता.”

“तुम्हाला सोल्डरिंग येतं?”

“आता येतंय.”

वस्ताद मिशीत हसले.

“घरी सांगितलं मंडळीला,” ईराप्पा म्हणाला. “गिटारीचं मशिन दुरुस्त केलं म्हणून. तिला खरं वाटंना. म्हणाली, तुमाला गिटार कुठल्या बाजूनं धरत्यात ते तरी ठावं हाय का? म्हणलं, ते कशाला पाहिजे? …उघडा की ताई. बघा तरी.”

प्रणोतीनं खिशातलं नाणं काढलं. दोन स्क्रू. झाकण निघालं.

जोड हरभऱ्याएवढा होता. एका अंगाला कललेला, राखेच्या रंगाचा. वायरीचं लाल आवरण बोटाच्या पेराएवढं जळून काळं झालं होतं. तिच्या बारीक, चकचकीत जोडांच्या रांगेत तो कुणीतरी चप्पल घालून देवघरात उभा राहावा तसा उभा होता.

इतक्यात विल्सन आलाच, गिटार खांद्याला. त्यानं काही विचारलं नाही. पेडलला वायर लावली, दुकानातल्या ॲम्प्लिफायरला दुसरी, आणि चपलेसकट पाय बटणावर आपटला.

एक तार छेडली.

आवाज फाटला, फुलला, आणि भिंतीपलीकडच्या खडखडाटाच्या वर जाऊन बसला. फळ्यांवरचे स्क्रू नाचायला लागले. विल्सन डोळे मिटून वाजवत राहिला. ईराप्पा, ज्याला गिटार कुठल्या बाजूनं धरतात ते ठाऊक नव्हतं, मांडीवर ठेका धरून बसला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडं असा बघत होता, जणू विचारतोय की हे वाजतंय ते कुणामुळं वाजतंय.

विल्सन थांबला. उघडं पेडल त्यानं परत टेबलावर ठेवलं. “वस्ताद?”

“चालेल,” वस्ताद म्हणाले.

हा शब्द ऐकल्यावर काय काय करायचं हे प्रणोतीनं तीन महिने ठरवून ठेवलं होतं. आधी घरी फोन, मग पेढे. पण तिची नजर त्या हरभऱ्यावरून हलेना.

“थांब विल्सन,” ती म्हणाली. “तेवढा एक जोड नीट करून देते. पाचच मिनिटं.”

तिनं आयर्न उचललंही.

ईराप्पाच्या मांडीवरचा हात थांबला.

“वाईट झालाय व्हय?” त्यानं विचारलं.

…

प्रणोतीनं आयर्न खाली ठेवलं. नखानं तो जोड हलवून बघितला. पुन्हा, जरा जोर लावून. हलत नव्हता.

“नाही,” ती म्हणाली. “घट्ट आहे. माझ्यापेक्षा घट्ट आहे.”

“मग ठीक,” ईराप्पा म्हणाला, आणि उठून कापूस झटकत पलीकडं गेला. जाताना दारातून वळून म्हणाला, “जळाला जरा. पुढच्या येळी न्हाई जळायचा.”

विल्सननं झाकण स्वतःच लावलं. “दोनच स्क्रू?” म्हणाला. “बरं केलंस ताई. आमच्यात कुणाकडं कधी स्क्रूड्रायव्हर नसतो.” पेडल खिशात टाकून तोही गेला. बाकीच्या पाच जणांना तो आजच सांगणार होता.

दुकानात दोघंच उरले.

“वस्ताद,” ती म्हणाली, “नऊ लाख ठोके खाऊन जे जिवंत आलं ते नापास झालं.”

“हो.”

“आणि जे सहाव्या दिवशी बंद पडलं…”

“हो.”

मग तिच्या मनात, नेहमीप्रमाणं, पुढचं सुरू झालं.

“एक तारखेला त्यांची पहिली जत्रा आहे,” ती म्हणाली. “मी जाणार आहे. मीटर घेते, आयर्न घेते, जास्तीची वायर, दोन चिपा… स्टेजच्या मागंच उभी राहते म्हणजे झालं. तुम्हीही असाल ना? काही आणू तुमच्यासाठी?”

वस्तादांनी आयर्नची पिन सॉकेटमधून काढली आणि वायर गुंडाळून ठेवली.

“ये की,” म्हणाले. “रिकाम्या हातानं ये.”